रझाकार काळातील नागरी जीवन, मराठवाड्यातील

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षात (१९४७-४८) सशस्त्र गटांच्या सान्निध्यात मराठवाड्यातील जनतेने कंठलेले दैनंदिन जीवन. ‘रझाकार’ म्हणजे स्वयंसेवक. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या या निमलष्करी दलाचे नेतृत्व लातूर येथील वकील कासिम रझवी याच्याकडे होते.

चाकूरच्या आसपासच्या टापूपैकी अहमदपूर व उदगीर हे तालुके त्या वेळी बीदर जिल्ह्यात, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. येथील ग्रामस्थांचा संबंध एकाच वेळी तीन सत्तांशी येई : सारा व लेव्ही वसूल करणारे निजामी शासन, गावोगाव संचार करणारे रझाकार आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कार्यकर्ते. कार्यकर्त्यांची शिबिरे संस्थानाबाहेर सरहद्दीलगत होती, आत हत्तीबेटासारखी (ता. उदगीर) आश्रयस्थाने होती. उमरी (जि. नांदेड) येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांनी छापा घातला.

पेवातील धान्य कोणासाठी उघडावे, हा शेतकऱ्यापुढील नित्याचा प्रश्न होता. कार्यकर्त्यांना भाकरी दिल्याचा संशयही जाळपोळीस पुरेसा ठरे. पाटील-कुळकर्ण्यांना वतनामुळे सरकारी अंमलदारांस जबाब द्यावा लागे आणि गावाचा विश्वासही राखावा लागे. अनेक कुटुंबांनी घरेदारे सोडून सोलापूर, बार्शी इ. ठिकाणी आश्रय घेतला. बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये रझाकारांनी मोठे हत्याकांड केले.

भारतीय सेनेच्या कारवाईने (१३-१७ सप्टेंबर १९४८) संस्थानी राजवट व रझाकारांचा अंमल संपुष्टात आला; मात्र सामान्य माणसावरील संकट तेथेच संपले नाही. रझाकारांच्या कृत्यांचा सूड त्यांच्याशी संबंध नसलेल्या मुस्लिम कुटुंबांवरही उगवला गेला. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असल्याचा अंदाज वर्तविला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे तिने नोंदविले. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. हिंदूंनी प्रसंगी प्राण धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांचे रक्षण केल्याची उदाहरणेही त्यात आढळतात; एकाच व्यवसायातील माणसांत, विशेषतः विणकरांत, ही भावना दिसून आली.

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. मुक्तीच्या या इतिहासात लढणाऱ्यांच्या नोंदी विपुल आहेत. त्यांना गुपचूप अन्न पुरविणाऱ्या, परागंदा झालेल्या आणि शेजाऱ्यास घरात दडविणाऱ्या माणसांचा वृत्तांत मुख्यतः कौटुंबिक आठवणींतूनच टिकून आहे.