माफीनंतर दवाखान्यात काय बदलावं?

ऑस्ट्रेलियात १९७०पर्यंत सरकारी माणसांनी मूलनिवासींची लेकरं आईपासून तोडून नेली. काही तर दवाखान्यातूनच. ती भीती अजून घराघरात आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. चांगलं झालं. पण जिथं अपमान झाला तिथं पेशंट सहजी परत येत नाही, हे आम्ही नर्स म्हणून पाहिलंय.

सिडनीच्या रेडफर्नमध्ये मूलनिवासींनी १९७१ मध्येच स्वतःचा दवाखाना काढला, कारभारही स्वतःकडे ठेवला. आरोग्य खात्यानं अशांना पैसा द्यावा आणि निर्णयही त्यांच्यावर सोडावेत. दुसरी गोष्टच खात्यांना जड जाते. तिथल्या नर्सच्या आचारसंहितेत २०१८ पासून पेशंटच्या संस्कृतीचा मान राखणं आलंय. तो राखला गेला का, हे मात्र पेशंट सांगणार.