यलोस्टोन : चोरटे शिकारी, घोडदळ आणि वणवा

अमेरिकेतल्या यलोस्टोनचा कायदा 1 मार्च 1872 रोजी झाला तेव्हा त्यात एक मोठी उणीव राहिली होती आणि पुढची 22 वर्षं तिची किंमत तिथल्या जनावरांनी मोजली. जवळपास 9 हजार चौरस किलोमीटरचा मुलूख जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला गेला. तिथल्या प्राण्यांचा संहार होऊ नये, असंही कायद्याने बजावलं. पण संहार केला तर शिक्षा काय, हे कुठेच लिहिलं नव्हतं. राखणीसाठी पैसेही दिले नव्हते. पहिले अधीक्षक नॅथनिएल लँगफर्ड बिनपगारी होते. पाच वर्षांच्या कारकिर्दीत ते उद्यानाकडे क्वचितच फिरकले. दरम्यान कातड्यासाठी हजारो एल्क हरणं मारली गेली.

1880 मध्ये हॅरी यौंट नावाच्या माणसाला प्राण्यांचा रखवालदार म्हणून नेमलं. त्याने एक अख्खा हिवाळा त्या बर्फात काढला आणि पुढच्या वर्षी राजीनामा दिला. जाताना त्याने अहवालात लिहिलं, की हे एकट्यादुकट्याचं काम नाही, इथे विश्वासू माणसांची एक छोटी तुकडीच हवी. आज अमेरिकेत त्याला पहिला रेंजर मानतात. त्याचा सल्ला अंमलात यायला मात्र साडेतीन दशकं गेली.

मधल्या काळात आलं ते सैन्य. 1886 मध्ये अमेरिकी संसदेने उद्यानाच्या व्यवस्थेसाठी पैसे नाकारले, तेव्हा कॅप्टन मोझेस हॅरिस घोडदळाची तुकडी घेऊन ऑगस्टमध्ये उद्यानातल्या मॅमथ हॉट स्प्रिंग्सला पोचले. समोर वणवे पेटलेले होते. शिपायांनी आल्याआल्या फावडी उचलली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने जंगलातली आग विझवण्यासाठी माणसं कामाला लावली, ती तेव्हा पहिल्यांदा. पुढची 32 वर्षं तेच शिपाई गस्त घालत, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या कडांवर नावं कोरणाऱ्यांना अडवत, विझवायच्या राहून गेलेल्या शेकोट्या शोधत फिरले. सैन्याने नागरी उद्यान सांभाळणं विचित्र होतं, पण सैन्य नसतं तर राखायला फारसं काही उरलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिपायांचे हात मात्र बांधलेलेच होते. शिकारी सापडला तर त्याचं सामान जप्त करायचं आणि त्याला हद्दीबाहेर हाकलायचं, एवढाच त्यांचा अधिकार. हे किती पोकळ आहे ते 13 मार्च 1894 रोजी उघडं पडलं. पेलिकन खोऱ्यात एडगर हॉवेल हा शिकारी मारलेल्या बायसनचं कातडं सोलत बसला होता. सैन्याचा टेहळ्या फेलिक्स बर्जेस पायाला स्की बांधून, हातात नुसतं रिव्हॉल्व्हर घेऊन उघड्या बर्फावरून त्याच्याकडे निघाला. हॉवेलची रायफल त्याच्या हातापासून दूर होती. वारा बर्जेसच्या बाजूने होता, त्यामुळे हॉवेलच्या कुत्र्यालाही चाहूल लागली नाही. जरा जरी गफलत झाली असती तर बर्जेस तिथेच मेला असता. एवढा जीव धोक्यात घालून पकडलेल्या माणसाला कायदा काय करणार होता? त्याचं सगळं सामान 27 डॉलरच्याही आतलं होतं आणि बायसनचं एक डोकं शेकडो डॉलरला विकलं जात होतं. हॉवेलने हा हिशेब स्वतःच बोलून दाखवला.

योगायोगाने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकाचे वार्ताहर इमर्सन हॉफ त्याच दिवसांत उद्यानात होते. त्यांची बातमी आणि संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांचा पाठपुरावा यांमुळे दोन महिन्यांच्या आत, 7 मे 1894 रोजी लेसी कायदा झाला. एक हजार डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि उद्यानातच खटले चालवायला एक न्यायाधिकारी. हद्दीबाहेर हाकललेला हॉवेल त्याच उन्हाळ्यात बंदी मोडून परत आला आणि नव्या कायद्याखाली पहिली शिक्षा त्यालाच झाली. तोवर खूप उशीर झाला होता. 1902 मध्ये उद्यानात रानटी बायसन जेमतेम दोन डझन उरले होते. आज तिथे काही हजार आहेत.

1916 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली आणि 1918 मध्ये सैन्य निघून गेलं. काही शिपाई गणवेश बदलून रेंजर म्हणून तिथेच राहिले. शिस्तीसोबत त्यांनी एक समजूतही मागे ठेवली : आग म्हणजे शत्रू, शिकाऱ्यासारखीच. 1910 मध्ये आयडाहो आणि मोंटानात सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं, 80 हून अधिक माणसं गेली आणि ती समजूत पक्की झाली. 1935 मध्ये अमेरिकी वनसेवेने फर्मान काढलं, की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. उद्यानांचा खाक्याही तोच होता. या सगळ्यात एक गोष्ट फार क्वचित बोलली गेली. इथले मूळ रहिवासी गवताळ भागांत जाणीवपूर्वक आग लावत. 1870 च्या दशकाच्या अखेरीस त्यांना उद्यानाबाहेर काढलं गेलं आणि त्यांच्याबरोबर त्यांचं आगीचं ज्ञानही गेलं.

शास्त्रज्ञांना मात्र वेगळं दिसत होतं. तिथल्या लॉजपोल पाइनची बरीचशी शंकूफळं राळेने घट्ट मिटलेली असतात आणि आगीच्या धगीनेच उघडून बिया टाकतात. 1963 मध्ये राष्ट्रीय उद्यानांविषयीच्या लिओपोल्ड अहवालाने आगीला निसर्गात तिची जागा परत द्या, असं सांगितलं. 1972 पासून यलोस्टोनने वीज पडून लागलेल्या काही आगी नजरेखाली ठेवून जळू दिल्या. पुढच्या 15 वर्षांत अशा 235 आगींत मिळून सुमारे 34 हजार एकरच जळलं. सत्तरच्या याच दशकात रेंजरचं पोलिसी कामही बदललं. 1973 मध्ये कॅलिफोर्नियात पॉइंट रेयस इथे चोरट्या शिकाऱ्यांनी एका रेंजरचा खून केला. 1976 च्या कायद्याने रेंजरांना शस्त्र बाळगण्याचे, अटकेचे आणि तपासाचे अधिकार स्पष्ट शब्दांत दिले.

मग 1988 चा उन्हाळा आला, उद्यानाच्या नोंदींतला सर्वांत कोरडा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्या आगी विझवण्याचा निर्णय झाला. 22 जुलैला उद्यानाच्या पश्चिम हद्दीबाहेर लाकूडतोड करणाऱ्याने टाकलेल्या सिगारेटने नॉर्थ फोर्क नावाची आग लागली. तिच्याशी पहिल्या दिवसापासून झुंज दिली गेली, तरी ती त्या वर्षातली सर्वांत मोठी आग ठरली. 20 ऑगस्टला, एका दिवसात, दीड लाख एकरांहून अधिक जंगल पेटलं. वाऱ्यावर उडणारे निखारे जाळरेषा, रस्ते, नद्या काहीच जुमानत नव्हते. 7 सप्टेंबरला आग ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याच्या परिसरावर आली. रेंजर रस्ते बंद करत, पर्यटकांना बाहेर काढत होते आणि 1904 चं ओल्ड फेथफुल इन हे ओंडक्यांचं हॉटेल छतावरचे पाण्याचे फवारे आणि अग्निशमन जवान यांच्या जिवावर वाचलं. त्या हंगामात एकूण 25 हजार माणसं राबली, 12 कोटी डॉलर खर्च झाले आणि अखेर आगीचा जोर मोडला तो 11 सप्टेंबरला पडलेल्या हलक्याशा बर्फाने. उद्यानाचं 36 टक्के क्षेत्र जळालं होतं.

अधीक्षक रॉबर्ट बार्बी यांच्या राजीनाम्याची मागणी झाली, ‘जळू द्या’ धोरणाला शिव्या पडल्या. मला हा अन्याय वाटतो. सर्वांत मोठी आग माणसामुळे लागलेली होती आणि ती जळू देण्याचा निर्णय कुणीही, कधीही घेतला नव्हता. पुढच्या काही वर्षांत काळ्या पडलेल्या उतारांवर पाइनची रोपं इतकी दाट उगवली, की अमेरिकेतली मराठी कुटुंबं आज गाडीतून जाताना जी हिरवी झाडी पाहतात, तिच्यातली बरीचशी त्या आगीनंतरचीच आहे. धोरण रद्द झालं नाही. नियम कडक करून, 1992 च्या नव्या आराखड्यासह, ते परत आलं.

ही तरुण झाडी आता बराच काळ पेट घेणार नाही, असा सर्वसाधारण अंदाज होता. 2016 च्या ऑगस्टमध्ये यलोस्टोनमधल्या मेपल नावाच्या आगीने तो मोडला. अवघ्या 28 वर्षांचं जंगल सुमारे 45 हजार एकरांवर पुन्हा जळालं. उद्यानाच्या उंच पठारावर अशा दोन आगींमध्ये पूर्वी शंभर ते तीनशे वर्षं जात. तरुण झाडांवर शंकूफळांचा साठा पुरेसा नव्हता. त्यामुळे अभ्यासकांना तिथे 1988 नंतरच्या तुलनेत खूपच कमी रोपं आढळली.