रामेनची चव, दांडीचे कालवण

मित्रांबरोबर जपानी उपाहारगृहात रामेन खाताना त्याचा रस्सा किनाऱ्यावरच्या माणसाला ओळखीचा का वाटतो? त्यात अनेकदा कोम्बू हे समुद्रशैवाल आणि वाळवलेला मासा असतो. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बूतून ग्लुटामेट वेगळे केले. त्याच्या चवीला 'उमामी' म्हटले. १९१३ साली शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या माशात इनोसिनेट आढळले. दोन्ही एकत्र आली, की चव नुसत्या बेरजेहून कितीतरी वाढते.

पालघर तालुक्यातील दांडीत बोंबलाच्या कालवणात टोमॅटो पडला, की हेच घडते. ग्लुटामेट टोमॅटोचे, इनोसिनेट मासळीचे. मासा मेल्यावर स्नायूंतील एटीपीपासून इनोसिनेट बनते. पण पुढे तेही विघटित होते. म्हणून शिळ्या मासळीला ती गोडी नसते.

टोमॅटोचे सार आणि सुकटीचे पाणी, मीठ सारखेच ठेवून, आधी वेगवेगळे व मग एकत्र चाखून पाहा.