पपईचा रिंगस्पॉट आणि आरएनए हस्तक्षेप

नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील पपई उत्पादकांना रिंगस्पॉट रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. शेंड्याची पाने दोरीसारखी अरुंद होतात, देठांवर तेलकट रेघा उमटतात, फळांवर वलये दिसू लागतात. या विषाणूचे जनुकद्रव्य म्हणजे आरएनएची एक साखळी. अशा साखळीविरुद्ध झाडाच्या पेशीत उपजतच एक यंत्रणा असते.

जनुकातील माहिती संदेशवाही आरएनएच्या रूपाने उतरते व त्यावरून प्रथिन घडते. हा संदेशच नष्ट झाला, तर जनुक जागेवर असूनही मुके होते. यालाच आरएनए हस्तक्षेप म्हणतात. पेशीत दुपदरी आरएनए आढळताच डायसर हे विकर त्याचे 21 ते 24 न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करते. तुकड्याचा एक पदर आर्गोनॉट हे प्रथिन नमुन्यासारखा धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा संदेश कापून टाकते. पानांचा आकार, फुलोऱ्याची वेळ यांसारख्या बाबतींतही वनस्पती याच रीतीने स्वतःच्या जनुकांना आवर घालते. विषाणू वाढताना दुपदरी आरएनए निर्माण होतो, म्हणून तोही या कात्रीत सापडतो.

मग झाड रोगाला बळी का पडते? विषाणूचे ‘एचसी-प्रो’ हे प्रथिन ही यंत्रणा दुबळी करते. मावा किडीमार्फत पसरण्यासही विषाणूला हेच प्रथिन उपयोगी पडते, हे विशेष.

हवाई बेटांवर 1998 मध्ये ‘रेनबो’ ही पपई लागवडीस आली. तिच्यात विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे जनुक घातलेले असल्याने विषाणू येण्यापूर्वीच त्याचे नमुने पेशीत तयार असतात. योगायोग असा, की आरएनए हस्तक्षेपाचा उलगडा करणारा फायर व मेलो यांचा शोधनिबंधही त्याच वर्षीचा. त्यांना 2006 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच बियाणे आपल्याकडे का आणू नये, असे शेतकरी विचारतात. जनुकीय परिवर्तित पपईच्या लागवडीस भारतात मान्यता नाही. शिवाय नमुना व विषाणू यांची जुळणी काटेकोर असावी लागते. हवाईबाहेरील विषाणूप्रकारांपुढे ‘रेनबो’ टिकत नाही. येथील विषाणूसाठी येथलाच नमुना हवा.

तोवर भिस्त प्रतिबंधावरच आहे. रोगट झाड बरे करणारे औषध नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांनी स्पष्ट सांगावे. मावा क्षणार्धात विषाणू सोडतो. फवारणीने तो मरेपर्यंत लागण झालेली असते. रोपे कीटकरोधक जाळीत वाढवावीत, बागेभोवती मक्याच्या दाट ओळी घ्याव्यात, लक्षणे दिसताच झाड उपटून नष्ट करावे. भोपळावर्गीय वेलींवरही हा विषाणू जगतो. त्या पपईशेजारी लावू नयेत.