महाकाय अँटेना फिरवताना : थांबण्याचे शास्त्र

१६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, गोल्डस्टोन येथील केंद्रावर, ‘नासा’ची ७० मीटर व्यासाची अँटेना आपल्या मर्यादेपलीकडे फिरली. तिच्या मध्यभागातून जाणाऱ्या केबल आणि नळ्यांवर ताण आला. अग्निशमन यंत्रणेच्या नळ्यांचे नुकसान होऊन आत पाणी पसरले. पाण्याचा बंदोबस्त लगेच झाला, पण अँटेना सेवेबाहेर ठेवावी लागली. ही अँटेना १९६६ मध्ये ६४ मीटर व्यासाची म्हणून उभी राहिली आणि व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनपाशी पोहोचण्यापूर्वी, १९८८ मध्ये, ७० मीटरपर्यंत वाढवण्यात आली. जवळजवळ सहा दशके अंतराळयानांशी संवाद साधणारे हे यंत्र नेमून दिलेल्या कोनापेक्षा जास्त वळल्यामुळे निकामी व्हावे, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

भौतिकशास्त्राच्या मोठ्या उपकरणांविषयी आपण वाचतो ते बहुधा त्यांनी लावलेल्या शोधांविषयी. ती उपकरणे हलवायची कशी आणि वेळेवर थांबवायची कशी, याची चर्चा क्वचितच होते. वास्तविक शेकडो टनांचे यंत्र हलवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. ते ठरल्या जागी, ठरल्या क्षणी आणि कोणत्याही बिघाडात थांबेल याची हमी देणे हे खरे अवघड काम आहे. त्या हमीमागचे विज्ञान समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे त्याचे उत्तम उदाहरण उभे आहे.

दिशा एक, पीळ दोन

नारायणगावजवळच्या खोडद परिसरातील ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने उभ्या आहेत, तर १६ अँटेना इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन भुजांवर विखुरलेल्या असून, या रचनेचा विस्तार सुमारे २५ किलोमीटरचा आहे. प्रत्येक अँटेनाचा फिरणारा भाग सुमारे ८२ टनांचा आहे आणि त्याला तोलून धरण्यासाठी ३४ टनांचा प्रतिभार जोडलेला आहे.

अशी अँटेना दोन अक्षांवर फिरते. क्षितिजाला समांतर फिरण्याला दिगंश आणि वर-खाली झुकण्याला उन्नतांश म्हणतात. या दोन कोनांनी आकाशातील कोणताही बिंदू निश्चित होतो. कागदावर गणित इथेच संपते. प्रत्यक्षात मात्र अँटेनाच्या पोटातून विजेच्या आणि संदेशवहनाच्या केबल जमिनीपर्यंत उतरलेल्या असतात. अँटेना एकाच दिशेने फिरत राहिली तर त्या केबलना पीळ बसत जातो. म्हणून जीएमआरटीच्या अँटेनाला मध्यस्थितीपासून दोन्ही बाजूंना २७० अंश, म्हणजे एकूण दीड फेरा, एवढीच मुभा आहे.

यातून एक बारकावा निर्माण होतो. मध्यस्थितीपासून उजवीकडे २०० अंश वळलेली अँटेना आणि डावीकडे १६० अंश वळलेली अँटेना एकाच दिशेला पाहत असतात. त्यांच्या केबलचा पीळ मात्र परस्परविरुद्ध असतो. उजवीकडे २०० अंशांवर असलेल्या अँटेनाला आणखी १०० अंश पुढचा तारा पाहायचा असेल तर ती सरळ पुढे जाऊ शकत नाही. तिला २६० अंश उलट फिरून, पीळ उलगडत, डावीकडील ६० अंशांवर यावे लागते. मिनिटाला ३० अंश या वेगाने त्याला जवळजवळ नऊ मिनिटे लागतात. निरीक्षकाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटेल, पण केबलचे आयुष्य त्या नऊ मिनिटांवर अवलंबून असते. म्हणूनच नियंत्रण प्रणालीला ‘अँटेना कुठे पाहते आहे’ एवढेच कळून भागत नाही. ‘ती तिथवर कोणत्या वाटेने आली’ याचीही नोंद ठेवावी लागते आणि वीज जाऊन परत आल्यावरही ती नोंद पुसली जाता कामा नये.

लहान मोटर, प्रचंड जोर

पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. ताऱ्याचा पाठलाग करताना अँटेनाची हालचाल डोळ्यांना जाणवतही नाही. एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळताना मात्र वेग मिनिटाला ३० अंश, म्हणजे पाठलागाच्या १२० पट असतो. तरीही तबकडीचा काठ सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर सरकतो. रमतगमत चालणारा माणूसही त्याहून वेगाने जातो. धोका नेमका या संथपणात दडलेला आहे, कारण संथ गोष्ट निरुपद्रवी भासते.

मिनिटाला दीड हजार फेरे घेणारी मोटर जेव्हा एवढ्या मंद गतीने यंत्र फिरवते, तेव्हा मधले गिअर वेग सुमारे १८ हजार पटींनी कमी करतात आणि घर्षणात जाणारा हिस्सा वगळता जोर त्याच प्रमाणात वाढवतात. त्यामुळे वाटेत शिडी आली, विसरलेले अवजार आले किंवा माणसाचा हात आला, तरी मोटरीला त्याचा पत्ता लागत नाही. ती ढकलत राहते. म्हणून मोटर किती वीजप्रवाह ओढते यावर सतत लक्ष ठेवले जाते. प्रवाह अचानक वाढला, की कुठेतरी अडथळा आहे असे समजून हालचाल थांबवली जाते.

गिअरच्या दातांमध्ये थोडी मोकळी जागा असते, तिला कारागीर ‘प्ले’ म्हणतात. वाऱ्याच्या झोताने अँटेना त्या मोकळ्या जागेत हिसके खाऊ नये, यासाठी जीएमआरटीत प्रत्येक अक्षावर दोन मोटरी असतात आणि त्या एकमेकींविरुद्ध थोडा पीळ देत दात घट्ट बसवून ठेवतात. वेग वाढवणे आणि कमी करणे हेही टप्प्याटप्प्याने होते. एवढा मोठा सांगाडा एकदम थांबवला तर तो डोलू लागतो आणि तो ताण सांध्यांवर व वेल्डिंगवर येतो.

एकामागे एक कुंपणे

मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून अशा यंत्रांना एकामागे एक कुंपणे घातलेली असतात. पहिले कुंपण संगणकातील आज्ञावलीचे. मर्यादेबाहेरची आज्ञा ती स्वीकारतच नाही. दुसरे लिमिट स्विचचे. अक्ष ठरावीक कोनापर्यंत आला की हा स्विच प्रत्यक्ष दाबला जातो आणि गती थांबते. तिसरा अंतिम स्विच त्याच्याही पुढे असतो. तो संगणकाला काहीही न विचारता मोटरीची वीज तोडतो. सर्वांत शेवटी असतो पोलादी अडथळा आणि धक्का शोषणारा बफर.

कुंपणे चार आहेत एवढ्याने सुरक्षितता येत नाही. ती परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. कोन मोजणारा एन्कोडर चुकीचा आकडा देऊ लागला तर त्याच आकड्यावर विसंबलेली आज्ञावलीही फसते. अशा वेळी लिमिट स्विच एन्कोडरवर अवलंबून नसेल तरच तो वाचवू शकतो. स्विचची जोडणीही उलट्या विचाराने केलेली असते. सर्व काही ठीक असताना त्यातून प्रवाह वाहत राहतो आणि स्विच दाबला गेला की तो खंडित होतो. त्यामुळे उंदराने तार कुरतडली किंवा जोड गंजून सुटला, तरी यंत्र त्याचा अर्थ ‘थांबा’ असाच घेते.

हाच नियम जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतही आढळतो. तेथील एलएचसी या प्रवेगकात प्रोटॉनच्या झोताजवळ ‘कॉलिमेटर’ नावाचे जबडे असतात आणि वाट चुकलेले कण ते अडवतात. खोडदची तबकडी मीटरमध्ये मोजावी, तर हे जबडे मिलिमीटरच्याही अंशात सरकवले जातात. त्यांना मोटर हलवते, पण जबडा खरोखर कुठे आहे हे स्वतंत्र सेन्सर मोजतो. ते स्थान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर झोतच प्रवेगकाबाहेर काढून टाकला जातो. हलवणारा आणि मोजणारा वेगवेगळा असावा, कारण मोटर फिरली म्हणजे पुढचा भाग हललाच असे नसते. मधली जोडणी घसरलेली असू शकते.

वीज गेली तर, वारा सुटला तर

आपल्या इमारतीतील लिफ्टचा ब्रेक विजेने लागत नाही, विजेने सुटतो. स्प्रिंग त्याला कायम आवळून धरते आणि वीज असते तोवरच विद्युतचुंबक तो मोकळा ठेवतो. वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो. मोठ्या अँटेनांचे ब्रेकही याच तत्त्वावर चालतात. सुरक्षित स्थिती म्हणजे कोणतीही मदत न मिळता यंत्र ज्या स्थितीत जाऊन राहते ती स्थिती, अशी तिची साधी व्याख्या करता येईल.

वाऱ्याचे गणित अधिक कठोर आहे. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. जीएमआरटीच्या अँटेना ताशी ४० किलोमीटर वाऱ्यापर्यंत निरीक्षण करू शकतात, ८० किलोमीटरपर्यंत वळवता येतात आणि १३३ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकून राहतील अशी त्यांची रचना आहे. या तिसऱ्या वाऱ्याचा दाब पहिल्याच्या अकरा पट भरतो. त्यांची तबकडी सलग पत्र्याची नसून तारेच्या जाळीची आहे. वारा जाळीतून निघून जातो आणि लांब लहरींच्या रेडिओ तरंगांना मात्र ती जाळी आरशासारखीच वाटते. तरीही वारा वाढला की निरीक्षण थांबवून तबकडी आकाशाकडे तोंड करून ठेवावी लागते, कारण त्या स्थितीत वाऱ्याला तिची सर्वांत कमी बाजू मिळते.

हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. वळण्यास वेळ लागतो आणि वारा ठराविक मर्यादेपुढे गेल्यावर मोटरींनाच तबकडी आवरत नाही. इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील ७६ मीटरची लोव्हेल दुर्बीण जानेवारी १९७६ मध्ये ताशी सुमारे १४५ किलोमीटरच्या वादळात नष्ट होता होता वाचली. त्यानंतर तिच्या सांगाड्याला तिरकस आधाराच्या तुळया जोडण्यात आल्या. आपल्याकडे वादळाचा इशारा येताच बंदरातील क्रेन थांबवून जखडून ठेवतात, त्यामागेही हेच कारण आहे.

माणूस आत असताना

निरीक्षण चालू असताना अँटेनावर सहसा कोणी नसते. सर्वाधिक धोका असतो तो दुरुस्तीच्या वेळी. नियंत्रण कक्ष कित्येक किलोमीटर दूर असतो. तेथील पडद्यावर अँटेनाचा कोन दिसतो, तिच्या गिअरपाशी वाकलेला तंत्रज्ञ दिसत नाही. म्हणून अँटेनाच्या पायथ्याशी ‘स्थानिक’ आणि ‘दूरस्थ’ अशी निवड करणारी कळ असते. ती ‘स्थानिक’वर असताना दुरून आलेली आज्ञा निष्प्रभ ठरली पाहिजे.

त्याहून भक्कम उपाय कुलपाचा. वर जाणारा प्रत्येक जण मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावतो, नावाची पाटी अडकवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पाच माणसे वर असतील तर कुलपेही पाच. शेवटचा माणूस उतरून शेवटचे कुलूप काढेपर्यंत वीज येऊच शकत नाही. फोनवरून ‘चालू करू का’ असे विचारण्यापेक्षा ही पद्धत विश्वासार्ह आहे, कारण तिच्यात गैरसमजाला जागा उरत नाही.

तरीही नुसती वीज तोडणे पुरेसे नसते, कारण वजनाला विजेची गरज नसते. तबकडीवरचा एखादा जड भाग उतरवला की प्रतिभाराशी साधलेला तोल बिघडतो. त्यानंतर कुणी ब्रेक उघडला तर मोटर बंद असूनही तबकडी आपल्याच वजनाने फिरू लागेल. म्हणून ब्रेकला हात लावण्याआधी पोलादी खिळीने अक्ष जखडून टाकावा लागतो.

आणखी एक धोका ‘तात्पुरत्या’ जोडणीचा. यंत्र मर्यादेवर जाऊन थांबले की ते मागे आणण्यासाठी लिमिट स्विच तारेने वळसा घालून निष्क्रिय करण्याचा मोह होतो. चांगल्या रचनेत त्याची गरजच पडत नाही. मर्यादेवर आलेल्या यंत्राला फक्त उलट दिशेने जाण्याची मुभा असते. कधी वळसा घालावाच लागला, तर तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घातला याची नोंद झाली पाहिजे. तो काढल्यावर स्विच पुन्हा दाबून तपासलाही पाहिजे. विसरलेली तार महिनोन्‌महिने गप्प बसते आणि नको त्या दिवशी उघडी पडते. लिमिट स्विचही वर्षानुवर्षे न वापरता पडून असतात. दमट हवेत ते गंजतात, हे किनारपट्टीवरच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून ठरावीक मुदतीने ते मुद्दाम दाबून पाहणे हा देखभालीचा अविभाज्य भाग आहे.

लडाखमधील हानले येथे २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण उभी आहे. पुढील काळात देशात आणखी मोठी उपकरणे येतील. ती चालवणाऱ्यांमध्ये आपल्या राज्यातील अभियंते आणि तंत्रज्ञही असतील. बंदरातील क्रेन, खाणीतील पट्टे, कारखान्यातील यंत्रहात यांनाही हेच नियम लागू पडतात. थांबवणारी साखळी चालवणाऱ्या साखळीपासून स्वतंत्र असावी, बिघाडाचा अर्थ ‘थांबा’ हाच असावा आणि माणूस आत असेपर्यंत किल्ली त्याच्याच खिशात असावी. या तीन गोष्टींसाठी लागणारा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. गोल्डस्टोनच्या घटनेत नुकसान केबल आणि नळ्यांचे झाले. मर्यादा ओलांडणाऱ्या यंत्राच्या पोटात त्या वेळी एखादा तंत्रज्ञ असला, तर हिशेब वेगळाच झाला असता.