रक्तदाबाची गोळी आणि जस्ताचा अणू

भातकुली, दर्यापूर हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथे विहिरीचे पाणी खारट लागते. म्हणून उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ एवढे सांगून भागत नाही. पिण्याचे पाणी कुठले, हेही विचारावे लागते. उपचारात पुष्कळदा रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल ही गोळी असते. ती कशी काम करते हे कळले, की तिच्याबरोबर काय टाळायचे तेही कळते.

गोळी कुठे काम करते?

आपल्या शरीरात ‘एसीई’ नावाचे एन्झाइम असते. ते अँजिओटेन्सिन-१ या पदार्थाचे टोक कापून अँजिओटेन्सिन-२ बनवते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, शरीरात मीठ-पाणी साठते आणि रक्तदाब वाढतो. या कापण्यासाठी एन्झाइमच्या खाचेत जस्ताचा अणू लागतो. गोळीतील औषध नेमके त्या जस्ताला जाऊन चिकटते आणि कापण्याचे काम थांबते.

हे जस्त दिसले कसे?

प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडतात. त्यातून इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत याचा नकाशा मिळतो. कार्बनमध्ये ६, ऑक्सिजनमध्ये ८, तर जस्तात ३० इलेक्ट्रॉन असतात. म्हणून जस्ताची जागा नकाशात ठळक दिसते. पण प्रत्येक ठळक ठिपका जस्तच असतो असे नाही. शेजारी कोणती अमिनो आम्ले आहेत, ती साधारण २ अँगस्ट्रॉम अंतरावर आहेत का, ठरावीक तरंगलांबीच्या क्ष-किरणांना ठिपका कसा प्रतिसाद देतो, हे सारे पडताळावे लागते. धातू चुकीचा ओळखला, तर त्यावर बेतलेले औषधही चुकू शकते.

गंमत म्हणजे, पहिली गोळी तयार झाली तेव्हा एसीईची रचना कुणी पाहिलीच नव्हती. ब्राझीलमधील एका सापाच्या विषात एसीईला रोखणारे घटक सापडले होते. कार्बोक्सिपेप्टिडेज या दुसऱ्या, जस्त असलेल्या एन्झाइमची रचना माहीत होती. एसीईची खाचही तशीच असावी असा अंदाज बांधून कुशमन आणि ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल घडवले. १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एसीईची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली ती २००३ मध्ये. तिच्यात लिसिनोप्रिल हे औषध जस्ताला धरून बसलेले स्पष्ट दिसले.

मग रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

- कोरडा खोकला: एसीई ब्रॅडिकायनिन हा पदार्थही मोडते. ते थांबले की तो साठतो आणि काहींना खोकला लागतो. मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टर बदलून देतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर मात्र पुढची गोळी न घेता ताबडतोब दवाखाना गाठा.
- ‘लो सोडियम’ मीठ: यात बहुधा पोटॅशियम असते. या गोळ्यांनीही रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. दोन्ही एकत्र आले, तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. ‘खारे पाणी पितो, निदान मीठ तरी चांगले वापरू’ म्हणून ते परस्पर सुरू करू नका.
- दुखण्याच्या गोळ्या: कापूस वेचून कंबर दुखते म्हणून दुकानातून गोळी आणली, त्यातच उन्हाने अंगातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडावर एकदम ताण येतो. उलट्या-जुलाब लागले, तरी गोळी चालू ठेवायची की नाही हे आधी विचारा.
- तपासणी: गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे.
- गर्भारपण: गर्भारपणात ही औषधे चालत नाहीत. दिवस राहण्याची शक्यता असेल, तर आधीच सांगा.

काही जण विचारतात, “मग जस्ताच्या गोळ्या खाल्ल्या तर?” त्याने रक्तदाब आटोक्यात येत नाही. आपली गोळी वेळेवर घ्या, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढे आवर्जून सांगा: घरी पाणी कुठले पितो आणि मीठ कोणते वापरतो.