कॅश साफ केल्याने मोबाइल खरंच पळू लागतो?

दिल्लीतील मुनिरका हे शहराच्या पोटात शिरलेले जुने गाव. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ हाकेच्या अंतरावर असल्याने इथल्या अरुंद गल्ल्यांमध्ये भाड्याने खोली घेऊन देशभरातली मुले राहतात. त्यांत मराठी मुलेही असतात. घरापासून इतक्या दूर राहणाऱ्या मुलासाठी मोबाइल म्हणजे बँक, वर्गाच्या नोट्स आणि रात्री आईशी होणारे बोलणे, सारे काही. असा फोन अडखळू लागला की जीव कासावीस होतो. मग कुणीतरी सुचवते, ‘सिस्टीम कॅश साफ कर, फोन नव्यासारखा होईल!’

यात तथ्य किती?

मिसळणाचा डबा

ही कॅश म्हणजे रोख रक्कम नव्हे. प्रत्येक फोडणीला आपण कोठीतून हळद-मोहरी काढत नाही, ओट्याजवळ मिसळणाचा डबा ठेवतो. फोनही वारंवार लागणारी चित्रे व माहिती अशीच हाताशी ठेवतो. डबा रोज रिकामा केला तर स्वयंपाक लवकर होईल का? उलट तो पुन्हा भरण्यात वेळ जाईल. कॅश पुसल्यावर ॲप पहिल्यांदा उघडायला उशीर लागतो, तो यामुळेच.

मात्र डब्यात पाणी गेले असेल तर तो घासावाच लागतो. एखादे ॲप सारखे बंद पडत असेल किंवा फोन अद्ययावत केल्यानंतर बिघडला असेल, तर कॅश पुसून गुण येऊ शकतो. हे दुखण्यावरचे औषध आहे, रोजचे टॉनिक नव्हे.

अँड्रॉइडच्या जुन्या रचनेत सिस्टीम कॅशसाठी वेगळा कप्पा असे. फोन अद्ययावत करण्याच्या फायली त्यात तात्पुरत्या उतरत. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर नवी पद्धत आली आणि ती स्वीकारलेल्या फोनना या कप्प्याची गरज उरली नाही. त्यामुळे अनेक नव्या फोनमध्ये हा पर्याय सापडतच नाही. आयफोनमध्येही तो नसतो. शिवाय जागा कमी पडली की ॲपची जास्तीची कॅश स्वतःच काढून टाकण्याची सोय अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे.

एक ओळ चुकली तर?

ज्या फोनमध्ये हा पर्याय आहे, तिथे ‘वाइप कॅश पार्टिशन’च्या शेजारीच ‘वाइप डेटा/फॅक्टरी रीसेट’ ही ओळ असते. बोट चुकले, तर फोनमधले फोटो, नोट्स, संदेश सारे पुसले जाते. ॲपच्या ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ या बटणांतही असाच फरक आहे. दुसऱ्याने त्या ॲपची फोनमधली माहिती आणि आपले लॉगिन दोन्ही जाते.

फोन ‘स्वच्छ’ करणाऱ्या फुकट ॲपपासूनही सावध राहावे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत ‘क्लीन मास्टर’ हे गाजलेले सफाई ॲपही होते.

मग करावे काय?

• फोन काठोकाठ भरला की मंदावतो. थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये जाऊन ‘सुप्रभात’ची चित्रे आणि मोठे व्हिडिओ काढावेत.

• न वापरलेली ॲप काढून टाकावीत आणि अधूनमधून फोन बंद करून पुन्हा सुरू करावा.

• बॅटरी तपासून घ्यावी. फोन अचानक बंद पडू नये म्हणून थकलेल्या बॅटरीच्या काही आयफोनचा वेग कमी केला जातो, हे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. अशा वेळी नव्या फोनऐवजी नवी बॅटरी पुरते.

• आणि काहीही पुसण्याआधी फोटो व नोट्सची प्रत दुसरीकडे ठेवावी. दूरगावी शिकणाऱ्या मुलाला पुढच्या फोनवर जेवणाबरोबर हेही जरूर विचारा.